रिफोल्डिंग: पांढऱ्या पेलेटपासून कामाच्या प्रथिनापर्यंत

ई. कोलायमध्ये जीन घातला, आयपीटीजी या रसायनाने इंडक्शन दिलं, म्हणजे प्रथिन बनवणं सुरू केलं, जेलवर हव्या त्या जागी ठसठशीत बँड आला. फक्त तो पेलेटच्या, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसलेल्या गाळाच्या, लेनमध्ये आहे, सुपरनॅटंटमध्ये, म्हणजे वरच्या द्रावणात, त्याचा मागमूस नाही. रबाळे-महापेच्या कंपन्यांत, वागळे इस्टेटमधल्या छोट्या लॅबमध्ये किंवा बेलापूर-खारघरच्या संशोधन संस्थांत नव्याने लागलेल्या माणसावर ही वेळ लवकरच येते. प्रथिन भरपूर बनलंय, पण त्याची घडी बसलेली नाही. साखळ्या एकमेकींना चिकटून पेशीत घट्ट कण तयार झालेत, त्यांना इन्क्लुजन बॉडी म्हणतात. हे कण विरघळवायचे आणि सुट्या झालेल्या साखळीला पुन्हा मूळ आकार घेऊ द्यायचा, म्हणजे रिफोल्डिंग. इन्सुलिन, फिलग्रॅस्टिम, रेटेप्लेज ही औषधं याच वाटेने बनवली गेली आहेत, तेव्हा पेलेट बघून हात टेकायचं कारण नाही.

कृतीला हात घालण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. घडी बसणं हा एकेका रेणूचा खासगी मामला आहे. त्याचा वेग आजूबाजूला किती रेणू आहेत यावर अवलंबून नसतो. गुठळी व्हायला मात्र किमान दोन रेणू भेटावे लागतात, त्यामुळे तिचा वेग तीव्रतेच्या वर्गाने किंवा त्याहूनही जास्त वाढतो. प्रथिनाची तीव्रता दहापट केली की घडीचा वेग तसाच राहतो आणि टकरा शंभरपट होतात. अर्जिनिन, ग्लिसरॉल, तापमान, पीएच हे सगळे उपाय या शर्यतीत घडीला थोडी आघाडी मिळवून देतात. तीव्रता चुकली तर यातलं काहीही वाचवत नाही.

आधी टाळता येतंय का ते पाहा

रिफोल्डिंग हा दुसरा पर्याय आहे. आधी एक आठवडा विद्राव्य प्रथिन मिळवण्याच्या प्रयत्नावर घाला: इंडक्शन १६ ते १८ अंश सेल्सिअसला रात्रभर, आयपीटीजी १ ऐवजी ०.१ मिलीमोलर, जमल्यास एमबीपी किंवा सुमो टॅग, म्हणजे विद्राव्यता वाढवायला शेजारी जोडलेलं दुसरं प्रथिन. डायसल्फाइड बंध (दोन सिस्टीन अमिनो आम्लांच्या गंधकांमधला दुवा) असलेल्या प्रथिनासाठी शफल जातीचा स्ट्रेन वापरून पाहा. ज्या शेकर-इन्क्युबेटरला कूलिंग नाही तो खोलीच्या तापमानाखाली जात नाही हे लक्षात असू द्या. ठाण्यातल्या मे महिन्यात पॅनेलवर १८ सेट केलं तरी आतला कल्चर ३० च्या पुढेच असतो, आणि 'कमी तापमानाला पण जमलं नाही' असा खोटा निष्कर्ष वहीत लिहिला जातो. आत थर्मामीटर ठेवून खात्री करा.

इन्क्लुजन बॉडीचा एक मोठा फायदा आहे: नुसत्या धुण्याने प्रथिन ८० टक्क्यांच्या पुढे शुद्ध होऊ शकतं आणि बरेचसे प्रोटिएज (प्रथिन तोडणारे एन्झाइम) त्याला शिवत नाहीत.

पेशी फोडणं

पेशींच्या १ ग्रॅम ओल्या पेलेटला १० मिली बफर घ्या: ५० मिलीमोलर ट्रिस, पीएच ८.०, १०० मिलीमोलर मीठ. प्रोटिएज रोखणारं पीएमएसएफ आयत्या वेळी १ मिलीमोलर घाला. पाण्यात पीएच ८ ला ते तासाभरात बरंचसं निकामी होतं, म्हणून सकाळीच बनवून ठेवलेल्या बफरमध्ये ते असून नसल्यासारखं. पेशीभित्ती तोडणारं लायसोझाइम ०.२ मिग्रॅ प्रति मिली, बर्फात अर्धा तास. मग सोनिकेशन: १० सेकंद चालू, २० सेकंद बंद, एकूण चालू वेळ ५ ते १० मिनिटं, ट्यूब सतत बर्फात. फेस आला तर प्रोब फार वर आहे.

द्रावण तारेसारखं ओढलं जात असेल तर तो डीएनए आहे. डीएनेज १० मायक्रोग्रॅम प्रति मिली आणि मॅग्नेशियम क्लोराइड ५ मिलीमोलर घालून १५ मिनिटं ठेवा. डीएनेजला मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए ते पकडून ठेवतं, म्हणून ईडीटीए या पायरीनंतरच. अनेक छापील कृतींमध्ये दोन्ही एकाच बफरमध्ये लिहिलेलं सापडतं, तिकडे दुर्लक्ष करा. चिकट डीएनए राहिला की पुढे प्रत्येक धुण्यात तो कचरा धरून ठेवतो.

धुणं: इथे वेळ घालवा

नवखे लोक ही पायरी उरकतात आणि मग रिफोल्डिंग बफरला दोष देतात. पडदा-प्रथिनं, लिपिड आणि डीएनए यांचे अवशेष रिफोल्डिंगच्या वेळी गुठळीला बीज पुरवतात.

सेंट्रिफ्यूज १२,००० जी (गुरुत्वाच्या पटीत), २० मिनिटं, ४ अंश. पेलेटचे बहुधा दोन थर दिसतात: खाली खडूसारखा पांढरा, वर तपकिरी झाक असलेला बुळबुळीत. पांढरा आपला. वरचा थर पिपेटने हलकेच काढता आला तर काढा.

पहिलं धुणं दोनदा: ट्रिस ५० मिलीमोलर पीएच ८.०, मीठ १०० मिलीमोलर, ईडीटीए ५ मिलीमोलर, ट्रायटन एक्स-१०० हा साबण एक टक्का. दुसरं एकदा: त्याच ट्रिसमध्ये २ मोलर युरिया आणि १ मोलर मीठ. शेवटचं दोनदा: फक्त ट्रिस आणि ईडीटीए, म्हणजे ट्रायटन निघून जाईल. ट्रायटन राहिला तर २८० नॅनोमीटरचं रीडिंग फुगतं. दर वेळी पेलेट पूर्ण फोडा, होमोजिनायझरने किंवा थोड्या सोनिकेशनने. पिपेटने वरवर हलवलेल्या गोळ्याच्या आत साबण पोचत नाही. प्रत्येक धुण्याच्या सुपरनॅटंटमधून २० मायक्रोलिटर बाजूला ठेवून एकत्र जेल चालवा. २ मोलर युरियात तुमचंच प्रथिन निघून जाताना दिसलं तर युरिया १ मोलरवर आणा किंवा ती पायरी गाळा.

एक आडवळणाची गोष्ट: ओम्पटी नावाचा बाह्य पडद्यातला प्रोटिएज युरियातही काम करत राहतो. बीएल२१ मध्ये तो नसतो, पण के-१२ वंशातल्या स्ट्रेनमध्ये असतो. विरघळवलेल्या प्रथिनाचे रात्रभरात तुकडे पडत असतील तर आधी स्ट्रेन कोणता ते विचारा.

धुतलेल्या पेलेटचे छोटे भाग करून वजन लिहून उणे ८० ला ठेवा. इथे काम काही आठवडे थांबलं तरी बिघडत नाही.

विरघळवणं

प्रथिन उलगडून विरघळवायला ६ मोलर ग्वानिडिन हायड्रोक्लोराइड की ८ मोलर युरिया? पहिल्या प्रयत्नाला ग्वानिडिन. ते जास्त ताकदीचं आहे आणि प्रथिनाशी रासायनिक खेळ करत नाही. युरियाचा थोडा भाग पाण्यात सायनेटमध्ये बदलत असतो, आणि ते लायसीनला आणि साखळीच्या सुरुवातीच्या अमिनो गटाला चिकटतं. मास स्पेक्ट्रममध्ये प्रत्येक ठिकाणी ४३ डाल्टनची भर दिसते. तापमान वाढलं की हे वेगाने होतं. दुपारी ३३ अंशांच्या खोलीत युरियाची बाटली आठवडाभर शेल्फवर ठेवायची आणि मग प्रथिन विषम का दिसतं म्हणून डोकं खाजवायचं, हे टाळा. युरिया त्याच दिवशी बनवा, विरघळताना द्रावण थंड पडतं म्हणून हॉटप्लेटवर तापवू नका, कोमट पाण्यात बीकर ठेवणं पुरे.

१०० मिली ६ मोलर ग्वानिडिनला ५७.३ ग्रॅम पावडर लागते. ती स्वतःच जवळजवळ ४३ मिली जागा घेते, म्हणून सुरुवात ४५ मिली पाण्याने करा. त्यात १ मोलर ट्रिस पीएच ८.५ चे ५ मिली, ईडीटीए शेवटी १ मिलीमोलर होईल इतकं. पीएच बघून मग १०० पर्यंत भरा. युरिया ८ मोलरला १०० मिलीसाठी ४८ ग्रॅम, सुरुवात ५० मिली पाण्याने. पहिल्यांदा करणारा माणूस ८० मिली पाण्यात पावडर ओततो आणि आकारमान १२० वर गेलेलं बघत बसतो.

डायसल्फाइड बंध सोडवणारं डीटीटी १० मिलीमोलर आयत्या वेळी. पीएच ८.५ आणि २० अंशांना त्याचं निम्मं आयुष्य दीड तासाच्या आसपास आहे, आपल्याकडच्या खोलीत त्याहून कमी. १ मोलर स्टॉक पाण्यात बनवून छोट्या ट्यूबमध्ये उणे २० ला ठेवावा.

१ ग्रॅम ओल्या पेलेटला १० मिली हे द्रावण, खोलीत दोन तास ढवळा. नंतर २०,००० जी, ३० मिनिटं, आणि तळाचं काहीही न उचलता वरचं घ्या. न विरघळलेला अगदी बारीक कणही पुढे बीज ठरतो. तीव्रता २८० नॅनोमीटरवर मोजा. अमिनो आम्लांच्या क्रमावरून काढलेला शोषणांक वापरा आणि ब्लँक म्हणून डीटीटीसकट तेच द्रावण घ्या, कारण ऑक्सिडीकृत डीटीटी २८० ला शोषण दाखवतं. बीसीए पद्धत इथे निरुपयोगी आहे, डीटीटी तिचा रंग बिघडवतं. शेवटी ५ मिग्रॅ प्रति मिलीवर आणा.

जेलसाठी सरळ नमुना लोड करू नका. ग्वानिडिन आणि एसडीएस भेटले की घट्ट साका बसतो आणि लेन वाकडी जाते. २५ मायक्रोलिटर नमुन्यात २२५ मायक्रोलिटर थंड इथेनॉल, उणे २० ला १० मिनिटं, १५,००० जी ला पाच मिनिटं, ९० टक्के इथेनॉलने एकदा धुवून वाळवा, मग सॅम्पल बफर.

छोटी चाचणी: बारा ट्यूब

दुसऱ्याच्या प्रथिनाचा रिफोल्डिंग बफर जसाच्या तसा उचलून एक लिटर बनवणं हा पैसे बुडवायचा खात्रीचा मार्ग आहे. दीड मिलीच्या बारा ट्यूब लावा. पीएच तीन: ७.०, ८.०, ८.८. प्रत्येक पीएचला अर्जिनिन नसलेला आणि ०.५ मोलर अर्जिनिन असलेला. त्या प्रत्येकात एक ट्यूब डायसल्फाइड जुळवणारी ग्लुटाथायोनची जोडी घातलेली (प्रमाण पुढच्या भागात), एक नुसत्या २ मिलीमोलर डीटीटीची. सगळ्यांत ईडीटीए १ मिलीमोलर; तुमच्या प्रथिनाला जस्त किंवा कॅल्शियम लागत असेल तर ईडीटीए नको. प्रथिनाच्या आयसोइलेक्ट्रिक पॉइंटपासून किमान एक पीएच लांब राहा. त्या बिंदूवर रेणूंवरचा एकूण विद्युतभार शून्य होतो आणि त्यांना एकमेकांपासून ढकलणारं काही उरत नाही.

प्रत्येक ट्यूबमध्ये ९८० मायक्रोलिटर थंड बफर घ्या, व्होर्टेक्स मंद फिरत असताना ५ मिग्रॅ प्रति मिलीचं विरघळवलेलं प्रथिन २० मायक्रोलिटर एका झटक्यात बफरच्या आत सोडा. प्रथिन ०.१ मिग्रॅ प्रति मिली होतं, ग्वानिडिन ०.१२ मोलर उरतं. उलट क्रम, म्हणजे प्रथिनावर बफर ओतणं, कधीही नाही: त्यात प्रथिन दाट असताना ग्वानिडिन हळूहळू उतरतं आणि अर्धवट उलगडलेले चिकट रेणू एकमेकांत अडकायला पुरेसा वेळ मिळतो. डायलिसिसने, म्हणजे अर्धपार्य पिशवीतून युरिया हळूहळू काढून, रिफोल्डिंग करण्याचा मला फारसा उत्साह नाही तो याच कारणाने. पिशवीत प्रथिन तासनतास २ ते ४ मोलर युरियाच्या त्या धोक्याच्या पट्ट्यात रेंगाळतं. काही प्रथिनं ६, ४, २, १, ० मोलर युरिया अशा पायऱ्यांनी छान बसतात, पण सुरुवात डायल्यूशनने, म्हणजे वरच्यासारखं पातळ करून, करावी.

सोबत दोन कंट्रोल: प्रथिन नसलेला बफर, आणि ६ मोलर ग्वानिडिनमध्येच ०.१ मिग्रॅ प्रथिन. दुसरा कंट्रोल 'अजिबात घडी नाही' कसं दिसतं ते सांगतो.

अर्जिनिन रेणूंमधली चिकटाचिकटी कमी करतं, पण ग्वानिडिनसारखं घडी उलगडत नाही. रेटेप्लेजच्या उत्पादनात ते वापरलं गेलं आहे. ०.५ मोलरला लिटरमागे १०५ ग्रॅम अर्जिनिन हायड्रोक्लोराइड लागतं. दहा लिटर बफरला किलोच्या वर होतं, तेव्हा मोठ्या बॅचचा खर्च आधी मांडा. हायड्रोक्लोराइडऐवजी फ्री बेसची बाटली हातात आली तर द्रावणाचा पीएच ११ च्या वर जाईल आणि खाली आणायला खूप हायड्रोक्लोरिक आम्ल लागेल. लेबल वाचा. अर्जिनिनने फरक पडला नाही तर ग्लिसरॉल १० ते २० टक्के, सुक्रोज ०.५ मोलर, पॉलिएथिलिन ग्लायकॉल ३३५० ०.०५ टक्का हे क्रमाने बघा. एका वेळी एकच बदला.

डायसल्फाइडचं गणित

प्रथिनात डायसल्फाइड बंध नसतील तर हा भाग सोडून द्या, डीटीटी राहू द्या आणि दोन-चार तासांत रिफोल्डिंग उरका.

बंध असतील तर योग्य सिस्टीन योग्य सिस्टीनशी जुळावी लागते. रायबोन्युक्लिएज ए मध्ये आठ सिस्टीन आहेत. चार जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात आणि त्यातला एकच प्रकार बरोबर. ख्रिश्चन अनफिन्सन यांनी दाखवलं की योग्य परिस्थितीत तो प्रकार साखळी स्वतःच शोधते. त्यांना १९७२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या कामासाठी मिळालं. आपल्याला फक्त चुकलेली जोडी सुटून पुन्हा जुळेल अशी सोय करायची असते. त्यासाठी ग्लुटाथायोनची रिड्यूस्ड आणि ऑक्सिडीकृत जोडी. सुरुवातीला २ आणि ०.५ मिलीमोलर घ्या. नुसती हवा दिली तर बंध जुळतात, पण चुकीचे जुळलेले सुटत नाहीत. पीएच ८ ते ९ हवा, कारण सिस्टीनचा गंधकगट त्या सुमारास भारित होऊन अदलाबदल करू शकतो. पीएच ७ ला हीच प्रक्रिया फार रेंगाळते.

आता इथली सर्वांत सामान्य चूक. विरघळवताना १० मिलीमोलर डीटीटी होतं, पन्नासपट पातळ केल्यावर ०.२ मिलीमोलर उरलं. डीटीटीचा एक रेणू ऑक्सिडीकृत ग्लुटाथायोनचा एक रेणू संपवतो. म्हणजे बफरमध्ये ०.२ मिलीमोलर ऑक्सिडीकृत ग्लुटाथायोन घातलं असेल तर ते सगळं डीटीटीने खाल्लं, आणि एकही बंध जुळणार नाही. ०.५ घातलं असेल तर ०.३ उरतं आणि काम चालतं. हा हिशेब वहीत मांडल्याशिवाय प्रथिन ओतू नका. दुसरा मार्ग म्हणजे डीटीटी आधीच काढणं: पीएच ४ च्या ६ मोलर ग्वानिडिनमध्ये डिसॉल्टिंग कॉलम. आम्लात सिस्टीन आपसांत जुळत नाहीत, त्यामुळे प्रथिन त्या स्थितीत काही काळ टिकतं.

ग्लुटाथायोनच्या पावडरी आम्लधर्मी आहेत, घातल्यावर पीएच पुन्हा बघा. सिस्टॅमिन-सिस्टिअमिन ही स्वस्त जोडीही चालते. १२ ते ४८ तास, ४ ते १० अंश.

ट्रिस आणि आपली हवा

ट्रिसचा पीएच दर अंशाला ०.०२८ ने उलटा हलतो. ३२ अंशांच्या बाकावर ८.० वर लावलेला बफर कोल्डरूममध्ये ८.८ च्या जवळ जातो. बारा ट्यूबच्या चाचणीत हा फरक एका पूर्ण पायरीएवढा आहे. बफरचा पीएच ज्या तापमानाला वापरणार त्याच तापमानाला लावा, किंवा दुरुस्तीचा हिशेब करून लावा, आणि वहीत तापमान लिहा. एसी चालू की बंद यावर निकाल बदलतो अशी तक्रार बऱ्याचदा याच मुळातून येते.

जून ते सप्टेंबर ग्वानिडिन, युरिया, डीटीटी या बाटल्या ओलावा ओढतात. फ्रिजमधून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं आणि वजन खोटं पडतं. ग्वानिडिनची पावडर गुठळी धरू लागली असेल तर तिच्यावरून ६ मोलर बनवून ते ६ आहे असं समजू नका. अपवर्तनांक मोजून खरी तीव्रता काढता येते.

निकाल वाचणं

तासाभराने आणि चोवीस तासांनी ३५० नॅनोमीटरला गढूळपणा मोजा. उजेडासमोर ट्यूब धरून ताकाच्या निवळीसारखा दुधीपणा दिसत असेल तर आकडा बघायची गरजही नाही. नंतर १५,००० जी ला १० मिनिटं फिरवून वरच्या द्रावणाचं २८० ला रीडिंग. त्यातही ३५० ला काही शोषण उरलं असेल तर ते प्रकाश विखुरल्याने आहे आणि २८० चा आकडा फुगलेला आहे.

स्वच्छ ट्यूब म्हणजे यश, असं मात्र समजू नका. विद्राव्य गुठळ्या, म्हणजे दहा-वीस-शंभर रेणूंचे पुंजके, पाण्यासारखे नितळ दिसतात आणि सेंट्रिफ्यूजलाही खाली बसत नाहीत. अर्जिनिन तर अशा पुंजक्यांना छान तरंगत ठेवतं. त्यामुळे चांगल्या दिसणाऱ्या तीन-चार ट्यूब रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या साइझ एक्सक्लूजन कॉलमवर चालवा. शिखर व्हॉइडमध्ये, म्हणजे सर्वांत आधी, आलं तर गुठळी, अपेक्षित जागी आलं तर आशा.

ट्रिप्टोफॅन असेल तर फ्लुरोसन्स: २९५ ला उत्तेजित करा. उलगडलेल्या प्रथिनाचं शिखर ३५० ते ३५५ च्या आसपास, घडी बसलेल्याचं सहसा ३३० ते ३४० कडे सरकलेलं. सीडी (सर्क्युलर डायक्रोइझम, घडीची रचना दाखवणारी मोजणी) करायची तर आधी बफर बदला. अर्जिनिन आणि क्लोराइड दूरच्या अतिनील पट्ट्यात इतकं शोषतात की २२२ च्या खाली काहीच दिसत नाही.

जेल दोन चालवा, डीटीटी घालून आणि न घालता. आधी प्रत्येक नमुना जास्तीच्या आयोडोअ‍ॅसिटामाइडने अंधारात अर्धा तास झाका म्हणजे सॅम्पल उकळताना बंधांची नवी अदलाबदल होणार नाही. डीटीटी नसलेल्या लेनमध्ये वरपर्यंत शिडी आणि डीटीटीच्या लेनमध्ये एकच बँड, म्हणजे वेगवेगळ्या रेणूंमध्ये चुकीचे बंध जुळलेत. अशा वेळी तीव्रता कमी करा आणि रिड्यूस्ड ग्लुटाथायोन वाढवा. डीटीटी नसलेल्या लेनमध्ये एकच बँड आणि तो थोडा खाली धावलेला, हे सहसा चांगलं लक्षण.

शेवटचा शब्द क्रियाशीलतेचा. एकसंध, मोनोमर, तरीही निष्क्रिय असं प्रथिन मिळालं तर बंध चुकलेत किंवा धातू वा सहघटक घालायचा राहिलाय.

सरावाला लायसोझाइम

स्वतःच्या मौल्यवान प्रथिनाआधी कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइमवर हात बसवा. स्वस्त आहे, १४.३ किलोडाल्टन, चार डायसल्फाइड बंध. ८ मोलर युरिया, ट्रिस पीएच ८.५, ३० मिलीमोलर डीटीटीमध्ये १० मिग्रॅ प्रति मिली, ३७ अंशांना दोन तास. मग दोन ट्यूब: एकीत ९९० मायक्रोलिटर बफरमध्ये १० मायक्रोलिटर, दुसरीत ९०० मध्ये १००. दोन्ही बफर सारखेच: ट्रिस पीएच ८.२, ईडीटीए १ मिलीमोलर, रिड्यूस्ड ग्लुटाथायोन २ आणि ऑक्सिडीकृत ६ मिलीमोलर. सहा एवढं का, ते वरच्या डीटीटीच्या हिशेबाने दुसऱ्या ट्यूबसाठी करून पाहा. ०.१ मिग्रॅची ट्यूब नितळ राहायला हवी, १ मिग्रॅची पांढरी होण्याचीच शक्यता जास्त. दुसऱ्या दिवशी मायक्रोकॉकस पेशींच्या फॉस्फेट बफर पीएच ६.२ मधल्या द्रावणात ४५० ला शोषण किती वेगाने उतरतं ते मोजा, न उलगडलेलं लायसोझाइम १०० टक्के धरून. तीव्रतेचा धडा इतका स्पष्ट दुसरीकडे मिळत नाही.

एक लिटरवर नेताना

१०० मिग्रॅ प्रथिन ०.१ मिग्रॅ प्रति मिलीला नेलं की एक लिटर. एक मिलीच्या ट्यूबमध्ये मिसळणं क्षणात होतं. दोन लिटरच्या बीकरमध्ये थेंब जिथे पडतो तिथे काही क्षण दाट ढग राहतो, आणि गुठळी तिथेच होते. पेरिस्टॅल्टिक पंपाची बारीक नळी स्टिरर बारच्या जवळ, द्रावणाखाली ठेवा. ढवळणं जोरात, पण फेस येऊ देऊ नका. हवा आणि पाण्याच्या सीमेवर प्रथिन पुन्हा उलगडतं.

जास्त उत्पादन हवं तर पल्स पद्धत: दर तासाला २० ते ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली एवढी भर. आधीचे रेणू घडी घेऊन शर्यतीतून बाहेर पडलेले असतात, म्हणून एकूण तीव्रता वाढली तरी चिकट रेणूंची वाढत नाही. साठत जाणारं ग्वानिडिन ०.५ मोलरच्या आत राहील आणि डीटीटीचा हिशेब दर पल्सला बदलेल, दोन्ही आधी कागदावर काढा. पल्सच्या मधोमध वीज गेली तर पंप थांबवा आणि नळी बाहेर काढा. ढवळणं बंद असताना प्रथिन आत टपकू देऊ नका.

हिस्टिडिन टॅग असेल तर निकेल कॉलमवर रिफोल्डिंग करता येतं. ८ मोलर युरियात प्रथिन बांधा, मग २० ते ३० कॉलम आकारमानांत युरिया शून्यावर आणा. रेणू रेझिनवर एकमेकांपासून दूर अडकलेले असल्याने टकरा कमी होतात, अर्थात रेझिन गच्च भरलं नसेल तरच. क्षमतेच्या निम्म्याहून कमी भरा. इथे ईडीटीए चालत नाही, आणि डीटीटीने कॉलम तपकिरी पडतो.

सांद्रीकरण आणि साठवण

अर्जिनिन काढताना प्रथिन कोसळलं तर दोष डायलिसिसचा नसतो. बहुतेकदा घडी बसलेलीच नव्हती आणि अर्जिनिनने ते झाकून ठेवलं होतं. अर्जिनिन दोन टप्प्यांत, ०.५ वरून ०.१ आणि मग शून्यावर आणा. तरीही कोसळलं तर मागे, पीएच आणि रेडॉक्सकडे (ग्लुटाथायोनच्या जोडीकडे) जा. आयन एक्सचेंजवर चढवण्याआधी मीठ आणि अर्जिनिन उतरलेलं असावं, नाहीतर प्रथिन कॉलमला धरणारच नाही.

सेंट्रिफ्यूगल फिल्टर वापरताना दर पाच मिनिटांनी थांबवून पिपेटने हलवा. पडद्यालगत प्रथिनाचा दाट थर साचतो आणि सगळी गुठळी तिथून सुरू होते. छोट्या ट्यूब भरून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, मग उणे ८०. सोडियम फॉस्फेट बफरमध्ये उणे २० ला सावकाश गोठवू नका. डायसोडियम क्षार आधी स्फटिकरूप होतो आणि उरलेल्या द्रवाचा पीएच बराच खाली जातो. मोजणीसाठी नमुना ठाण्याहून खारघरला ट्रान्स हार्बर लोकलने न्यायचा असेल तर रिफोल्ड झालेलं प्रथिन बर्फात, पण बर्फाला थेट न चिकटवता न्या; सोबत तोच बफर ब्लँक म्हणून पाच मिली द्यायला विसरू नका.

ग्वानिडिनच्या उरलेल्या द्रावणात ब्लीच कधीही घालू नका, विषारी वायू सुटतात. पेशींचा कचरा ऑटोक्लेव्हला, ग्वानिडिन आणि डीटीटीचं द्रावण स्वतंत्र लेबल लावलेल्या कॅनमध्ये. तो कॅन सिंकमध्ये रिकामा होत नाही, तो घातक कचऱ्याच्या नोंदीसकट तळोज्याच्या प्रक्रिया केंद्राच्या गाडीत जातो.